'फंक्शन डिफाइन्ड बट नॉट यूज्ड': वॉर्निंग घालवायच्या आधी कॉल करणारा शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका आय-टू-सी सेन्सरचा छोटा ड्रायव्हर लिहिलात, लिनक्स मेनलाइनला (मुख्य कर्नल सोर्सला) पाठवलात, तुमच्या लॅपटॉपवर एकही वॉर्निंग नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी कर्नल टेस्ट रोबोटचा (पाठवलेले पॅच आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेचा) मेल आला की सस्पेंड आणि रिझ्यूम (सिस्टीम झोपताना आणि उठताना चालणारी) ही दोन्ही फंक्शन्स 'डिफाइन्ड बट नॉट यूज्ड', म्हणजे लिहिलेली पण कोणी न वापरलेली, आहेत. एक मित्र म्हणाला मेबी-अनयूज्ड लाव (वापरलं नाही तरी बोलू नको असं कंपायलरला सांगणारं ॲट्रिब्यूट), दुसरा म्हणाला इफडेफमध्ये गुंडाळ (पर्याय चालू असेल तरच कोड कंपायलरकडे जाऊ देणारी प्रीप्रोसेसरची अट), तिसरा म्हणाला वॉर्निंगच आहे, सोडून दे. आता तुम्ही विचारताय की यातलं बरोबर काय, आणि मुळात दोन साध्या फंक्शनवरून एवढा गोंधळ का.

मी गेली चौदा-पंधरा वर्षं ड्रायव्हरचंच काम करतोय आणि या एका वॉर्निंगने मला जितकं शिकवलंय तितकं फार कमी गोष्टींनी शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॅक्रो, कॉन्फिग वगैरेंची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयत, कोडमध्ये ती कशी दिसतात ते तुम्हाला माहीत आहेच.

आधी खरा प्रश्न काय आहे तो नीट बघू. तुम्ही विचारलंय "वॉर्निंग कशी घालवू". पण कंपायलर तुम्हाला सांगतोय की या फाइलमध्ये, या कॉन्फिगमध्ये (म्हणजे कर्नलचे कुठले पर्याय चालू, कुठले बंद त्या यादीत), या फंक्शनला हाक मारणारं कोणी मला दिसलं नाही. मग पहिला प्रश्न असा की हाक कोण मारणार होतं? याचं उत्तर मिळालं की फिक्स आपोआप ठरतो, आणि ते उत्तर न शोधता जो काही फिक्स कराल तो अंदाजपंचे असेल, कधी बरोबर लागेल, कधी खरा बग गाडून टाकेल.

ही वॉर्निंग फक्त स्टॅटिक फंक्शनलाच का येते हे माहीत असलं की बरंच सोपं होतं. स्टॅटिक म्हणजे हे फंक्शन या फाइलबाहेर कोणाला दिसणार नाही अशी तुम्ही कंपायलरला दिलेली हमी. त्या हमीमुळेच तो फाइल वाचून झाली की ठामपणे म्हणू शकतो की कोणी वापरलं नाही. स्टॅटिक नसतं तर दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमधून कॉल होत असेल असं समजून तो गप्प बसतो. म्हणून काही जण काय करतात, स्टॅटिक शब्दच काढून टाकतात आणि वॉर्निंग गेली म्हणून खूश होतात. असं अजिबात करू नका. एक तर लगेच दुसरी वॉर्निंग येते की या फंक्शनचा आधी प्रोटोटाइप नाही, ती पूर्वी फक्त डब्ल्यू=१ (जादा वॉर्निंग दाखवणारा बिल्डचा पर्याय) लावल्यावर यायची, ६.८ कर्नलपासून (२०२४) सगळ्यांनाच येते. आणि दुसरं म्हणजे ते नाव आता अख्ख्या कर्नलच्या नावांच्या गर्दीत जाऊन बसतं, सगळे ड्रायव्हर आत घेऊन बिल्ड केला आणि अजून कोणाचं त्याच नावाचं फंक्शन निघालं की लिंकर अडकतो.

आता तुमच्या मशीनवर का नाही आली. तुम्ही डिस्ट्रोचं कॉन्फिग वापरलंत, त्यात सस्पेंड चालू असतं, कारण लॅपटॉप झोपायला हवा. रोबोट मात्र रँडकॉन्फिगही चालवतो, म्हणजे हजारो कॉन्फिग पर्यायांमधून कुठलेही चालू, कुठलेही बंद, असं एक कॉम्बिनेशन पाडून बिल्ड करतो. त्यात एखाद्या वेळी सस्पेंड आणि हायबरनेशन दोन्ही बंद निघतात, मग कॉन्फिग पीएम स्लीप (पीएम म्हणजे पॉवर मॅनेजमेंट) बंद होतं, आणि पीएम ऑप्समध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या सस्पेंड-रिझ्यूम फंक्शन्सची नोंद असलेल्या स्ट्रक्चरमध्ये, तुम्ही वापरलेला 'सेट सिस्टीम स्लीप पीएम ऑप्स' हा मॅक्रो अशा वेळी चक्क रिकामा होतो. तुमच्या सस्पेंड-रिझ्यूमचं नाव त्या फाइलमध्ये फक्त त्या एका ओळीत होतं, ती ओळ प्रीप्रोसेसरने पुसली, कंपायलरपर्यंत पोचलीच नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही दोन फंक्शन्स अनाथ. तुमचं लॉजिक चुकलेलं नाही, रोबोटही चुकलेला नाही.

तिसऱ्या मित्राचं 'सोडून दे' आधी निकालात काढतो. ५.१५ पासून (२०२१) कॉन्फिग डब्ल्यूएरर आहे, ते चालू असलं की प्रत्येक वॉर्निंग म्हणजे एरर, आणि ऑलमॉडकॉन्फिगसारख्या (जमतील तेवढे पर्याय मॉड्यूल म्हणून चालू करणाऱ्या) टेस्ट बिल्डमध्ये ते आपोआप चालू होतं. म्हणजे तुमची एक वॉर्निंग दुसऱ्या कोणाचातरी पूर्ण बिल्ड पाडू शकते, आणि मेंटेनर (कर्नलच्या त्या भागाचे पॅच स्वीकारणारा) असा पॅच घेणार नाही, घेऊही नये. पण नियमापेक्षा मला दुसरं कारण महत्त्वाचं वाटतं, ते एका प्रसंगातून सांगतो.

बरीच वर्षं झाली, आम्ही एका क्लायंटसाठी टॅबलेटचं बोर्ड ब्रिंगअप करत होतो, म्हणजे नवीन बोर्ड पहिल्यांदा चालतं करत होतो. टच पॅनल एकदा झोपून उठलं की मेलेलंच, बोट फिरवा काही होत नाही. तीन दिवस आम्ही रेग्युलेटरचे व्होल्टेज मोजत होतो, रिसेट पिनवर स्कोप लावून बसलो होतो, पॅनल बनवणाऱ्यांशी मेलामेली चालू होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. शेवटी एका नवीन मुलीने बिल्डचा लॉग वरपासून वाचायला घेतला आणि त्या दोनेकशे वॉर्निंगच्या ढिगात एक ओळ निघाली की टच ड्रायव्हरचं रिझ्यूम फंक्शन डिफाइन्ड आहे पण यूज्ड नाही. कोणीतरी कॉपी-पेस्ट करताना पीएम ऑप्सच्या मॅक्रोमध्ये दोन्ही जागी सस्पेंडचंच नाव टाकलं होतं. उठायच्या वेळी ड्रायव्हर पुन्हा झोपवत होता. पहिल्या दिवसापासून कंपायलर हे सांगत होता, पण बाकीच्या ढिगात त्याचं कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून माझ्या टीममध्ये वॉर्निंग शून्य हा नियम आहे, कारण शून्य असलं तरच नवीन आलेली एक दिसते.

आणि समजा त्या फाइलमध्ये आधीच कोणी शहाणपणा करून रिझ्यूमला मेबी-अनयूज्ड लावून ठेवलं असतं तर? ती ओळ लॉगमध्ये आलीच नसती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पॅचमध्ये तोच कामाला येणार आहे.

तर आता कॉल करणारा शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं. मी सगळ्यात आधी एवढंच बघतो की ही वॉर्निंग प्रत्येक कॉन्फिगमध्ये येते की काहींमध्येच. रोबोटच्या मेलमध्ये कॉन्फिगची लिंक असते, रिप्रोड्यूस कसं करायचं तेही असतं आणि कुठला कंपायलर ते असतं, ते कॉन्फिग वेगळ्या बिल्ड डिरेक्टरीत घ्या, ओल्डडेफकॉन्फिग (न ठरलेले पर्याय डिफॉल्टने भरणारी कमांड) मारा आणि फक्त तुमची एक ऑब्जेक्ट फाइल बिल्ड करा, अख्खा कर्नल बिल्ड करत बसू नका. मग तेच तुमच्या रोजच्या कॉन्फिगवर.

दोन्हीकडे आली तर कॉन्फिगचा संबंध नाही, एक तर कॉल हरवलाय किंवा फंक्शन खरंच कोणाला नकोय. कॉल हरवण्याचे प्रकार मी इतके पाहिलेत की आता पहिला संशय तिथेच जातो. वरच्यासारखं नाव चुकीचं टाकलेलं असतं, रिबेस करताना कॉन्फ्लिक्ट सोडवताना एक ओळ उडालेली असते, किंवा प्रोबच्या (डिव्हाइस सापडलं की ड्रायव्हर सुरू करणाऱ्या फंक्शनच्या) एरर पाथमध्ये क्लॉक बंद करणाऱ्या फंक्शनला हाक मारायची राहिलेली असते. शेवटचा प्रकार वाईट, कारण ड्रायव्हर चालतो, टेस्टिंगमध्ये काही कळत नाही, फक्त प्रोब फेल झाला की क्लॉक तसंच चालू राहतं. अशा ठिकाणी वॉर्निंग घालवण्याचा मार्ग म्हणजे तो कॉल परत घालणं, बाकी काही नाही.

आणि खरंच कोणाला नको असेल तर डिलीट करा. "पुढे लागेल" म्हणून ठेवू नका, गिटमध्ये ते कायम आहे, लागेल तेव्हा काढता येतं. पण डिलीट करायच्या आधी गिट लॉगला मोठा एस देऊन त्या फंक्शनच्या नावाने इतिहास शोधा, शेवटचा कॉल कुठल्या कमिटमध्ये गेला ते सापडतं. ते कमिट वाचा. तिथे मुद्दाम काढलेला असेल तर आनंदाने डिलीट करा आणि तुमच्या कमिट मेसेजमध्ये त्याचा उल्लेख करा, रिव्ह्यू करणाऱ्याचं अर्धं काम वाचतं. चुकून गेलेला दिसला तर तुम्हाला एक खरा बग सापडलाय. अजून एक, डिलीट केलं की पुन्हा बिल्ड करा, कारण ही वॉर्निंग कांद्यासारखी असते. समजा अ हे ब ला कॉल करतं आणि अ ला कोणीच नाही, तर कंपायलर फक्त अ बद्दल बोलतो, ब ला त्याच्या दृष्टीने कॉल करणारा आहे. अ गेलं की मग ब वर येतं. मी एकदा एक फंक्शन काढायला बसलो आणि शेवटी जवळजवळ सव्वाशे ओळी गेल्या.

तुमची केस यातली नाही, तुमची वॉर्निंग फक्त पीएम स्लीप बंद असतानाच येते, म्हणजे कॉल करणारा आहे, तो फक्त काही कॉन्फिगमध्ये गायब होतो. इथे तुमच्या दोन मित्रांचे दोन मार्ग आहेत आणि एक तिसरा, जो मी सुचवेन.

इफडेफ आधी. ही सगळ्यात जुनी पद्धत, जुन्या ड्रायव्हरमध्ये भरभरून सापडेल, चालते, पण मला आवडत नाही आणि त्याची कारणं अनुभवातली आहेत. पहिलं म्हणजे कुठला इफडेफ हे चुकतं. कॉन्फिग पीएम आणि कॉन्फिग पीएम स्लीप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पीएम चालू आणि पीएम स्लीप बंद असं कॉन्फिग शक्य आहे (म्हणजे रनटाइम पॉवर मॅनेजमेंट आहे पण सिस्टीम झोपत नाही), आणि लोक फंक्शनला इफडेफ पीएमचा लावतात आणि मॅक्रो वापरतात पीएम स्लीपवाला, मग त्या मधल्या कॉन्फिगमध्ये तीच वॉर्निंग परत. दुसरं, परत तो कांदा. सस्पेंड इफडेफच्या आत गेलं, पण सस्पेंडमधून ज्या छोट्या हेल्परला कॉल होता तो बाहेरच राहिला, आता त्याला वॉर्निंग. मग तो पण आत घ्या, मग त्याचा हेल्पर, असं करत करत फाइलभर इफडेफ-एंडिफ पसरतात आणि कोड वाचताना मनातल्या मनात दोन-दोन फाइली वाचाव्या लागतात. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, इफडेफच्या आतला कोड ते कॉन्फिग बंद असताना कंपायलर बघतच नाही. टायपो असो, आर्ग्युमेंट बदललेलं असो, स्ट्रक्चरचं फील्ड गेलेलं असो, काही कळत नाही. एका जुन्या कॅमेरा ड्रायव्हरमध्ये मी असा कोड पाहिलाय जो ज्या फंक्शनला कॉल करत होता ते फंक्शनच केव्हाचं काढून टाकलेलं होतं, आणि तो पर्याय कोणी चालू करत नव्हतं म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही.

मेबी-अनयूज्ड याच्यापेक्षा बरं आहे आणि तुमच्या मित्राने दिलेला सल्ला अगदी चुकीचा नाही. कर्नलच्या स्वतःच्या कोडिंग स्टाइलच्या डॉक्युमेंटमध्ये कंडिशनल कंपायलेशनच्या भागात हेच सांगितलंय, की काही कॉन्फिगमध्ये वापराविना राहू शकणाऱ्या फंक्शनला प्रीप्रोसेसरच्या कंडिशनमध्ये गुंडाळण्यापेक्षा मेबी-अनयूज्ड लावा, आणि तिथेच लगेच हेही आहे की कायमच वापराविना असेल तर डिलीट करा. फायदा असा की कोड प्रत्येक कॉन्फिगमध्ये कंपाइल होतो, सिंटॅक्स, टाइप सगळं तपासलं जातं, आणि कोणी वापरत नसेल तर ऑप्टिमायझेशनमध्ये कंपायलर स्वतःच ते फेकून देतो, ऑब्जेक्ट फाइलमध्ये एक बाइट जात नाही. हेल्परचा कांदाही होत नाही कारण कॉल दिसतोय. मला जो एक आक्षेप आहे तो टचपॅनलवाला. ॲट्रिब्यूट लावलं की कंपायलर त्या फंक्शनबद्दल कायमचा गप्प, चालू कॉन्फिगमध्ये सुद्धा. उद्या कोणी मॅक्रोत नाव चुकवलं तर आता सांगणारं कोणी नाही.

म्हणून तिसरा मार्ग, आणि नवीन ड्रायव्हरमध्ये मी हाच मागतो. ५.१७ कर्नलमध्ये (२०२२) पॉल सेर्क्वेल यांच्या कामातून 'डिफाइन सिंपल डेव्ह पीएम ऑप्स' आणि त्याच्या जोडीला 'पीएम स्लीप पीटीआर' हे मॅक्रो आले. यामागची कल्पना साधी आणि फार सुंदर आहे. जुना मॅक्रो कॉन्फिग बंद असलं की फंक्शनचं नावच पुसायचा. नवीन मॅक्रो नाव कधीच पुसत नाही. पीएम ऑप्सच्या स्ट्रक्चरमध्ये तुमचं सस्पेंड, रिझ्यूम कायम लिहिलेलं राहतं, आणि ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये त्या पीएम ऑप्सचा पत्ता देताना तो पीएम स्लीप पीटीआरमधून द्यायचा. तो मॅक्रो आत एवढंच करतो, की पीएम स्लीप चालू असेल तर हा पॉइंटर, नाहीतर नल. ही अट कंपाइल करतानाच ठरलेली असते. म्हणजे कंपायलरला संदर्भ दिसतो, तो सगळं तपासतो, वापरलंय असं मानतो आणि वॉर्निंग देत नाही, आणि मग अट खोटी आहे म्हटल्यावर आधी पीएम ऑप्स आणि त्याच्यामागून दोन्ही फंक्शन्स फेकून देतो. इफडेफ नाही, ॲट्रिब्यूट नाही. आणि उद्या कोणी रिझ्यूमच्या जागी चुकून सस्पेंड लिहिलं तर वॉर्निंग येणार, प्रत्येक कॉन्फिगमध्ये येणार, लपायला जागाच नाही. मला हे डिझाइन म्हणूनच मनापासून आवडतं.

तुमच्या ड्रायव्हरमध्ये बदल दोन-तीन ओळींचा आहे. जुन्या मॅक्रोने बनवलेलं पीएम ऑप्स काढा, नवीन डिफाइनवाला मॅक्रो त्याच तीन नावांसह (ऑप्सचं, सस्पेंडचं आणि रिझ्यूमचं) वापरा, आणि ड्रायव्हरच्या पीएम फील्डमध्ये पीएम स्लीप पीटीआर लावा. फंक्शन्सवर आधी मेबी-अनयूज्ड लावलं असेल तर तेही काढा, नाहीतर मी वर सांगितलेला फायदा गेला. रनटाइम पीएम पण असेल तर स्लीपवाला पीटीआर नको, साधा 'पीएम पीटीआर' लागतो, आणि ऑप्समध्ये 'सिस्टीम स्लीप पीएम ऑप्स' व 'रनटाइम पीएम ऑप्स' हे पुढे 'सेट' नसलेले मॅक्रो. हा 'सेट' असण्या-नसण्याचा फरक फसवा आहे, नावं जवळजवळ सारखी, वागणं वेगळं, मी रिव्ह्यूमध्ये हीच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघतो.

एक मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही मेनलाइनला पाठवताय म्हणून हे सांगितलं. उद्या हाच ड्रायव्हर एखाद्या व्हेंडरच्या जुन्या कर्नलवर न्यायचा असेल, ५.४ म्हणा, ५.१० म्हणा, तर आधी त्या सोर्समधल्या पीएम डॉट एच हेडरमध्ये हे मॅक्रो आहेत का ते बघा. नसतील तर तिथे मेबी-अनयूज्ड हाच प्रामाणिक मार्ग, उगाच नवीन मॅक्रो स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये कॉपी करू नका.

तुमच्या ड्रायव्हरमध्ये डिबगएफएसची (डिबगिंगची माहिती फाइलच्या रूपात दाखवणारी कर्नलची सोय) एक फाइलही आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तेही सांगून टाकतो कारण पुढचा मेल त्यावरच यायची शक्यता आहे. डिबगएफएस बंद असतानाही त्याची क्रिएट वगैरे फंक्शन्स हेडरमध्ये रिकाम्या स्टॅटिक इनलाइन स्टबच्या (काहीच न करणाऱ्या नावापुरत्या फंक्शनच्या) रूपात असतात, त्यामुळे तुम्ही बिनधास्त कॉल करा, तुमचं शो फंक्शन (ती फाइल वाचली की मजकूर देणारं) वापरलेलं दिसतं, वॉर्निंग येत नाही. पण लोक काळजीपोटी त्या कॉलभोवती स्वतःचा इफडेफ लावतात, कॉल गायब, आणि शो फंक्शन उघडं पडतं. म्हणजे वॉर्निंग आपणच ओढवून घेतलेली. तो इफडेफ काढला की संपलं. आणि जिथे खरंच अट हवीच आहे तिथे साधा इफ घ्या आणि आत इज-एनेबल्ड (पर्याय चालू आहे का ते सांगणारा मॅक्रो) लावा. तो कंपाइल होताना शून्य किंवा एक होतो, कोड तपासला जातो, नको असेल तर फेकला जातो. फक्त एक अडचण, त्या ब्लॉकमध्ये तुम्ही असं स्ट्रक्चर फील्ड वापरत असाल जे स्वतःच हेडरमध्ये इफडेफच्या आत आहे, तर इज-एनेबल्ड चालणार नाही, सरळ एरर येईल, कारण कंपायलर तो कोड वाचतोच. तिथे इफडेफला पर्याय नाही, आणि तिथे तो लावण्यात काही कमीपणाही नाही.

स्वतःचे स्टब लिहाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. हेडरमधल्या स्टबला स्टॅटिकच्या पुढे इनलाइन लिहायला विसरलात तर ते हेडर घेणारी आणि तो स्टब न वापरणारी प्रत्येक सी फाइल हीच वॉर्निंग देणार, एका चुकीच्या पन्नास वॉर्निंग, आणि लोक पन्नास फाइलींमध्ये चूक शोधत बसतात. एकच फंक्शनचं नाव अनेक फाइलींच्या वॉर्निंगमध्ये दिसलं की थेट हेडर उघडा. आणि स्टब मॅक्रोने लिहू नका, कारण मॅक्रो आर्ग्युमेंट गिळून टाकतो, कॉलबॅक म्हणून दिलेलं तुमचं फंक्शन पुन्हा अनाथ. स्टॅटिक इनलाइन फंक्शन आर्ग्युमेंट स्वीकारतं, म्हणून संदर्भ टिकतो.

जीसीसी आणि क्लँग या दोन कंपायलरमध्ये एक फरक आहे तो माहीत नसला तर माणूस चक्रावतो. जीसीसी न वापरलेल्या स्टॅटिक इनलाइनबद्दल कधीच तक्रार करत नाही. क्लँग हेडरमधल्याबद्दल करत नाही, पण सी फाइलमध्येच लिहिलेल्या स्टॅटिक इनलाइनबद्दल करू शकतो. कर्नलमध्ये इनलाइन या शब्दामागे एरवी मेबी-अनयूज्ड दडवलेलं असतं म्हणून ते दिसत नाही, २०१९ मध्ये मासाहिरो यामादा यांनी असा बदल केला की डब्ल्यू=१ लावला की ते काढलं जायचं आणि क्लँग अशी फंक्शन्स दाखवायचा, अगदी नव्या कर्नलमध्ये त्यासाठी डब्ल्यू=२ लागतो. म्हणून रोबोटच्या मेलमध्ये क्लँग आणि असा डब्ल्यू पर्याय असेल आणि फंक्शन स्टॅटिक इनलाइन असेल, तर तुमच्या जीसीसीवर ते कितीही वेळा बिल्ड केलं तरी दिसणार नाही, एलएलव्हीएम=१ आणि तोच डब्ल्यू पर्याय देऊन क्लँगनेच बघा. आणि उलटं, जीसीसीची वॉर्निंग घालवायला साध्या फंक्शनला इनलाइन लावणं हा उपाय नव्हे, तो क्लँगवाल्या माणसाला दिलेला त्रास आहे.

दोन ॲट्रिब्यूटमधला गोंधळही बघतो मी. मेबी-अनयूज्ड म्हणजे "वापरलं नाही तरी बोलू नको, हवं तर फेकून दे". नुसतं यूज्ड म्हणजे "वापरलेलं दिसलं नाही तरी ठेवच". दुसरं फक्त तेव्हा, जेव्हा कॉल असेंब्लीतून होतो आणि कंपायलरला तो दिसूच शकत नाही. तिथे मेबी-अनयूज्ड लावलंत तर वॉर्निंग जाईल, फंक्शनही जाईल, आणि लिंकर अनडिफाइन्ड म्हणून थांबेल. आणि तुमच्यासारख्या ड्रायव्हरमध्ये यूज्ड लावलंत तर नको असलेला कोड उगाच इमेजमध्ये बसेल. मेकफाइलमध्ये ही वॉर्निंगच बंद करणं याबद्दल मी काही लिहीत नाही, आमच्या टचपॅनलचे ते तीन दिवस आठवा.

थोडक्यात क्रम असा की वॉर्निंग सगळीकडे येते का ते बघा, येत असेल तर हरवलेला कॉल शोधा, नसेलच तर डिलीट करा, काही कॉन्फिगमध्येच येत असेल तर संदर्भ कंपायलरला दिसत राहील असं करा, आणि ते जमत नसेल तेव्हाच ॲट्रिब्यूट, आणि अगदीच नाइलाज असेल तर इफडेफ.

पॅच पाठवायच्या आधी दोन्ही बाजू तपासा. पीएम स्लीप हा पर्याय मेन्यूत थेट बंद करता येत नाही, तो सस्पेंड आणि हायबरनेशनवरून ठरतो, म्हणून स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या कॉन्फिग स्क्रिप्टने ते दोन्ही बंद करा, ओल्डडेफकॉन्फिग मारा, आणि डॉट कॉन्फिगमध्ये ग्रेप करून पीएम स्लीप खरंच गेलंय याची खात्री करा, कारण कधी कधी दुसरा एखादा पर्याय ते परत ओढून आणतो आणि आपण समजतो की टेस्ट झाली. मग ऑब्जेक्ट बिल्ड करून एनएम कमांडने (ऑब्जेक्ट फाइलमधल्या नावांची यादी देणारी) बघा, सस्पेंडचं नाव यादीत नसायला हवं. मग सगळं चालू करून परत बिल्ड, आता दोन्ही नावं दिसायला हवीत, आणि जमलं तर बोर्डवर एकदा खरंच झोपवून उठवा, सेन्सर वाचून बघा.

तुमचा पॅच अजून मर्ज झालेला नसेल तर वेगळा फिक्स पॅच पाठवू नका, त्याच पॅचचं पुढचं व्हर्जन करा आणि डॅशच्या ओळीखाली काय बदललं ते एका वाक्यात लिहा. मर्ज झाला असेल तर वेगळा पॅच, त्यात फिक्सेस टॅगमध्ये मूळ कमिट, रोबोटने मेलमध्ये दिलेला रिपोर्टेड-बाय टॅग आणि क्लोजेसमध्ये त्या मेलची लिंक. कमिट मेसेजमध्ये नुसतं "वॉर्निंग फिक्स केली" लिहू नका, कुठल्या कॉन्फिगमध्ये येत होती आणि का येत होती ते दोन ओळीत लिहा. व्हर्जन दोन पाठवलंत की इथेच कळवा, मी पीएमचा भाग वाचून बघतो.